पठारावरची कमान

नामदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिंगोऱ्यात एका लग्नाच्या मांडवाच्या दोऱ्या आवळत होतो. त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, भाऊ गेले." मी दोरी हातात धरून तसाच उभा. पहिला विचार काय आला सांगू? आता खरं माहीत असलेला मी एकटाच उरलो. दुःख नंतर आलं, रडूही आलं, पण तो विचार काही जाईना. शेवटी लिहायला बसलो.

भाऊंची सारी नोकरी विमानाच्या कारखान्यात, फिटर म्हणून. नव्वदच्या आसपास ते गावी परतले आणि त्याच वर्षी तळेघरला दिलेली त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात अडली. एसटी निघून गेलेली. चौघांनी घोंगडीच्या झोळीत घालून तिला डोंगरातून खाली दवाखान्यात आणायला घेतलं, ती वाटेतच गेली... भाऊ झोळीच्या पुढच्या टोकाला होते. तेव्हापासून त्यांनी एकच धरून ठेवलं, आखूड जागेत उतरणारं विमान. "बबनराव, ह्याला मुंबईवानी लांबलचक पट्टी लागत न्हाई. तळेघरच्या पठारावर चारशे मीटर सपाट जागा घावली तरी लई झालं. असल्या मुलखासाठीच बनवत्यात ही विमानं." मी म्हणायचो, "भाऊ, आधी दुसरी एसटी तरी येऊ द्या!" ते हसायचे आणि दोरी घेऊन पठार मोजायला निघायचे. वारा कळावा म्हणून माझ्याकडचं केशरी मांडवाचं कापड नेऊन त्यांनी लांब पिशवी शिवली आणि पठारावर खांबाला टांगली.

पत्रं लिहून लिहून एकदाची एक विमान कंपनी तयार झाली. वैमानिक वरून जागा बघणार आणि ठीक वाटलं तर उतरणार. गावानं आठवडाभर दगड वेचले, खड्ड्यांत मुरूम भरला. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण आमच्याकडे साधा तहसीलदार यायचा म्हटलं तरी कमान लागते, आणि पहिल्यांदा विमान येणार ते बिनकमानीचं? नाक कापलं जाईल की राव! मी उजाडता उजाडता सामान घेऊन वर गेलो आणि मैदानाच्या अगदी तोंडाशी वीस फुटी बांबूंची कमान उभी केली. आंब्याचे डहाळे, झेंडू, मधोमध 'सुस्वागतम्'. भाऊ पार दुसऱ्या टोकाला, वैमानिकाला लांबून जागा दिसावी म्हणून, ओला पेंढा पेटवून धूर करत होते. डोंगरामागून घरघर ऐकू आली, त्यांनी वळून पाहिलं, आणि धोतर सावरत ते धावतच सुटले.

"अहो बबनराव, हे काय करून बसला! ते ह्याच तोंडानं खाली येनार हाय!"

माझी गाठ सुटत नाही, याचा मला केवढा अभिमान. त्या दिवशी ती माझ्याही हातून सुटेना. भाऊंनी कोयत्यानं सपासप दोऱ्या तोडल्या, तर एक बांबू आडवा मैदानातच पडला आणि तो उचलायला सगळं गाव आत धावलं. बायका, म्हातारी माणसं, शाळेची पोरं... विमान दोनदा घिरट्या घालून गेलं, इतकं खाली की वैमानिकाची टोपी दिसली. आता हे उतरलं तर? भाऊ मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. उतरू नको म्हणायला लाल फडकं हलवायचं, असं आधी ठरलं होतं. ज्याची दहा वर्षं वाट पाहिली, त्याला त्यांनी स्वतःच्या हातानं परत जा म्हणून खुणावलं. विमान डोंगराआड गेलं ते गेलंच. कंपनीनं पुन्हा उत्तर दिलं नाही.

लोकांनी भाऊंना गराडा घातला. एका म्हातारीनं विचारलं, "का रं बाबा, का न्हाई उतरलं?" भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "कमान तर आपन पाडलीच व्हती. पर आयत्या वक्ताला वारा उलटा फिरला, आज्जे."

पठारावरून खाली येताना मी म्हणालो, "भाऊ, मी खरं सांगून टाकतो."

"गप ऱ्हावा. तुमाला हितल्या लेकीबाळींच्या लग्नात मांडव घालायचेत अजून."

मी गप्प राहिलो. आणि मांडव घातले, तळेघरात कितीतरी घातले. पण पंगतीत कुणी विमानाचा विषय काढला की मी ताटावरून उठून मांडवाच्या दोऱ्या तपासायला जायचो. पुढे डांबरी रस्ता आला, जीपगाड्या आल्या, तरी अडलेली बाई खाली न्यायची म्हटलं की माझा जीव टांगणीला लागायचा. भाऊंनी मला पुन्हा कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. दर पावसाळ्यानंतर दुकानात यायचे, "बबनराव, कापड फाटलं," म्हणायचे, नवं घेऊन जायचे.

यंदा कुणी आलं नाही. दहावा झाल्यावर मीच कापड शिवून घेऊन वर गेलो. खांबाला जुन्याच्या चिंध्या लोंबत होत्या. त्या काढून नवी पिशवी बांधली, एका हिसक्यात सुटेल अशा गाठीनं. ती फडफडली, फुगली आणि मैदानाच्या रेषेत नीट सरळ उभी राहिली. तळेघरकरांनो, त्या दिवशीही ती अशीच उभी होती. वारा उलटा फिरला नव्हता.