गुदगुल्या होणारा पेशंट
स्पिरिटचा वास आला की मला मुलुंडचं जुनं घर आणि पलंगावर पोट उघडं टाकून पडलेला मी आठवतो. बायको तेव्हा नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेत होती. औषधं सगळी पाठ, पण दुसऱ्या दिवशी पेशंट तपासून दाखवायची परीक्षा. सरावाला माझ्याएवढं ऐसपैस पोट घरात दुसरं नव्हतं. स्पिरिटने पुसलेला तिचा हात लागला की मी खिदळायचो. "हसू नको ना रे, नापास होईन मी!" ती रडकुंडीला आली. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "मेल्या, गप पडान ऱ्हव!" शेवटी बायकोने माझाच हात माझ्या पोटावर ठेवला, त्यावर आपला ठेवून दाबलं, आणि गुदगुल्या थांबल्या. ती पास झाली. आता गुदगुल्या होत नाहीत, तरी कधी पोट दुखलं आणि ती तपासायला बसली की मी हात आधीच पोटावर ठेवून मोकळा होतो.