सारांची होडी

अंगवस्त्राचं टोक चिमटीत धरून ते हात वर करत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "थांबा, वाऱ्यास पुसून सांगतों." प्रश्न कॉफी घेणार का, एवढाच असला तरी! असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमचा आता नाही.

एकोणीसशे साठच्या आगेमागे तंजावूरच्या हायस्कुलात ते भूगोल शिकवत आणि मी गणित. राजवाड्यामागच्या मराठी गल्लीत आमची घरंही लागून होती. सगळे त्यांना तमिळ वळणाने नुसतं 'सार' म्हणत.

सारांच्या अंगणात एक होडी होती. शेजारी वीणा करणारा सुतार राहायचा, त्याने ती फणसाच्या लाकडातून करून दिली होती. त्याच्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची होडी, त्यामुळे तिला झिलई मात्र वीणेची. शीड अक्कांच्या जुन्या नऊवारीचं. अक्का म्हणजे सारांच्या पत्नी. नव्या लग्नात सारांनी काय हवं म्हणून पुसलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एकदां होडींत बसवा." दागिना मागितला असता तर सार लवकर सुटले असते.

कारण त्यांना जागाच पसंत पडेना. पाणी छातीइतकं खोल हवं, वारा एका दिशेचा हवा, काठाला सावली हवी, जवळ देऊळ हवं आणि मगर नको. अटी सगळ्या शहाण्या माणसाच्या. पण जागा शोधायला सुट्टी लागे, आणि सुट्टी मे महिन्यात. मे महिन्यात आमच्या कावेरीत काय असतं, हे तंजावुरातलं शेंबडं पोरही सांगेल. वाळू! धरणाचं पाणी सुटतं जूनमध्ये, तेव्हा शाळा उघडलेली. हे सार स्वतः फळ्यावर नकाशा काढून शिकवत, तरी सुट्टी लागली की मला घेऊन निघत.

एका वर्षी तिरुवैयारुला गेलो. नदीच्या मधोमध उभं राहून सार म्हणाले, "वारा उत्तम!"

"आणि पाणी, सार?"

"त्याचेंच थोडें बघायास पाहिजे."

पुढच्या वर्षी पापनाशमकडे गेलो, तर नदीतून बैलगाडी चालली होती. गाडीवान आम्हांलाच बसता का म्हणून विचारू लागला.

अक्का होडीत वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घालत. "सुट्टीपुरती तरी कामास येऊं द्या," म्हणून हसत. पण दर उन्हाळ्यात त्यांचे गुडघे जास्त धरत, ओटा उतरताना भिंतीला हात लागे. सार ते बघत आणि त्या दिवशी वाऱ्याचं नाव काढत नसत. आणखी दोन-चार वर्षं गेली तर अक्का होडीत चढणार कशा, ही धास्ती त्यांच्या तोंडावर दिसायची. मला फार वाईट वाटे.

मग सार निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत आम्ही डोळे पुसत होतो आणि हे आपले खुशीत. गळ्यात हार असतानाच माझ्या कानात म्हणाले, "आतां जूनमध्येंही मज सुट्टी!"

पाणी आलं. होडी गाडीवर घालून तिरुवैयारुला नेली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अक्कांना दोघांनी धरून बसवलं, सार चढले, शीड फुगलं आणि होडी अशी निघाली की घाटावर धुणं धुणाऱ्या बायका ओरडल्या. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. नदी पूर्वेला जाते, आणि जूनचा वाराही पूर्वेलाच.

"सार, परत कसं येणार?" धोतर खोचून काठाने धावत मी ओरडलो.

सारांचा चेहरा खाडकन उतरला. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस! अक्का मात्र वळून बघायलाही तयार नव्हत्या.

बसने शोधत गेलो, तेव्हा संध्याकाळी दोघं मला पापनाशमच्या बसस्टँडवर सापडली. होडी म्हणे कुणाच्या तरी नारळाला बांधून ठेवली होती. अक्कांचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि सार मान खाली घालून बसलेले.

"परतीचें मी बघितलोंच नाहीं गे," ते म्हणाले.

"तेवढें एक बरें केलांत," अक्का म्हणाल्या. "आतां इथून पुढें ही नदी कुठें कुठें जाते, तें सांगा."

सारांनी मान वर केली. समुद्रापर्यंतची गावं ते एकेक करून सांगू लागले. आमची बस आली आणि गेली. कोणी उठलं नाही.