बाजाराच्या आदल्या दिवशी चढणारी नदी

दाभोशाच्या धबधब्याखाली नदीत आमच्या पाटबंधारे ऑफिसची मापपट्टी आहे. तिच्यावरचं पाणी बघून वहीत आकडा लिहायचं काम ढवळूचं. रोज तीनदा, बारा वर्षं. मेहुणीची हळद सोडून आकडा घ्यायला पळालेला माणूस तो. आम्ही कारकून त्याला येडा म्हणायचो.

अठ्ठ्याण्णव साली गौतमसाहेब आले. त्यांना त्या आकड्यांतून नदीचं सूत्र काढायचं होतं. उद्याचं पाणी म्हणजे आजच्या पाण्याचा काही हिस्सा, अधिक आजच्या पावसाचा काही हिस्सा. एवढं धरूनही चूक उरतेच. "पण ती कशीही, वेडीवाकडी उरायला हवी, मधु," साहेब मला म्हणाले. "तिच्यात नियम दिसला, तर नदीत आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी चाललंय, नाहीतर वहीत."

दिसला की नियम! पावसाळा सरला, की दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या दिवशी नदी चार बोटं चढायची. पाऊस थेंबभर नाही.

साहेबांनी ढवळूला बोलावलं. "नदी काय बाजाराला जाते? वर कुणी पाणी अडवत असेल तर सांग, आजच तोडून टाकू. नाहीतर हे तू घरी बसून लिहिलंस."

ढवळू म्हणाला, "घरीच लिवला, साहेब."

माझं टाळकंच सरकलं. बारा वर्षं आम्ही ह्याला येडा समजलो आणि हा शहाणा निघाला! त्याचं काम गेलं. साहेबांनी पावसाळ्यानंतरचे सगळे आकडे लाल पेनानं खोडले. सूत्र आता झकास बसतं, म्हणाले.

पुढच्या बाजारात ढवळूचा सासरा मासे घेऊन बसला होता. कुठले, म्हणून विचारलं. "वरच्या पाड्याला दगडमातीचा बांध घालतो. आठवडाभर पाणी तुंबतं, काल फोडला, की मासे हाती." मग मासे तोलता तोलता म्हणाला, "जावय खोटा निघाला माझा. पोरीला सांगितलाय, त्याला माझ्या दारात आणू नको."

मी तसाच जाऊन ढवळूला गाठलं. "अरे मेल्या, बोलला का नाहीस?"

"सात घरं खातात त्याच्यावर."

"मग आकडेच खोटे लिहायचे! कोण बघतंय?"

"पट्टीवर होता तोच लिवला ना."

मला रागही आला आणि रडूही. "निदान म्हाताऱ्याला तरी खरं सांग."

"नको, भाऊ," ढवळू म्हणाला. "त्याला कळला तर तो उद्या बांध घालायचा नाय."