पोकळ वजनं

लोखंडी जाळ्या, फाटकं आणि जिन्याचे कठडे वेल्डिंगनं जोडण्यात मिस्त्रीची चाळीस वर्षं गेली. तोंड फटकळ, पण काम चोख, म्हणून गिऱ्हाइकं त्याचं ऐकून घेत. एवढ्या वर्षांत त्यानं एकच काम असं केलं, ज्याची त्याला स्वतःलाच शिसारी यावी.

दोन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ सात वर्षांच्या मुलीला घेऊन वर्कशॉपमध्ये आले. मुलीच्या अंगात घट्ट बनियन आणि दंडांना चकाकीसाठी तेल चोपडलेलं. तिला ते नावानं हाक मारत नव्हते, 'चॅम्प' म्हणत होते. चॅम्पच्या व्यायामाचे व्हिडिओ लाखभर लोक बघतात, हे त्यांनी बूड टेकायच्या आधीच सांगून टाकलं. मिस्त्रीनं तर बसा म्हटलंही नव्हतं. त्यांना व्यायामाच्या दांड्याला लावायच्या दोन प्लेटा हव्या होत्या, पण पत्र्याच्या, पोकळ, वर ठळक 'वीस किलो' लिहिलेल्या.

"म्हणजे लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायची," मिस्त्री म्हणाला.

"मग काय खरं वजन उचलायला लावू? बाप आहे मी तिचा!"

असं म्हणत त्यांनी पोरीचा दंड बाजारात भोपळा दाबून बघावा तसा दाबून दाखवला. 'चालते व्हा' मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपण नाही म्हटलं तर हा इसम दुसरीकडून खऱ्या प्लेटा आणील, असं त्याला वाटलं. खोटं तर खोटं, पोरीच्या कोवळ्या हाडांवर भार तर पडणार नाही. म्हणून त्यानं काम घेतलं, आणि मनाविरुद्ध घेतलं तरी नेहमीसारखंच नीट केलं.

घरी लेकीजवळ त्यानं चरफड काढली. ती शाळेत खेळ शिकवायची. तिला वाटलं, बाबा मुलांच्या व्यायामावरच उखडलेत.

"अहो बाबा, लहान मुलांनी ताकदीचा व्यायाम करणं वाईट नसतं. वजन हलकं हवं, शिकवणारं माणूस जाणतं हवं आणि मुलांना मजा यायला हवी, इतकंच."

"मी कुठं नाही म्हणतोय? तुझी चिमी दाराला लोंबकळते, भरली बादली ओढते. पण हात भरून आले की ठेवते ना खाली! का ठेवलीस म्हणून कुणी तिच्या डोक्यावर बसतं का?"

काल ते बापलेक दोन्ही प्लेटा घेऊन परत आले. एका प्लेटचा सांधा उलला होता. पत्राच तो, म्हणून मिस्त्री एका हातानं सहज उचलायला गेला आणि हात खाली ओढला गेला.

पोकळ वस्तू चहूबाजूंनी बंद करून जोडली तर आतली हवा तापून सांधा फाडते, म्हणून मिस्त्री एक बारीक भोक ठेवून शेवटी त्यात स्क्रू बसवायचा. आता त्या स्क्रूच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि उललेल्या सांध्यातून वाळू गळत होती.

पोरगी डाव्या हातानं उजवं मनगट धरून उभी होती.

"दुखतंय का गं बाळा?"

"थोडंसं. माझी ताकद संपत चाललीय, आजोबा. आधी याच प्लेटा मी पटकन उचलायचे. आता वरच जात नाहीत. बाबा म्हणतात, मी अंगचोर झालेय."

मिस्त्रीनं बापाकडे पाहिलं. बाप आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात म्हणाला, "आठवड्याला ओंजळभरच टाकत होतो हो. लोक म्हणायला लागले, सगळं खोटं आहे, चेहऱ्यावर जोर दिसत नाही. आणि मुलांना सांगितलं की मुलं घाबरतात."

मिस्त्रीनं गटारांची झाकणंही जोडली होती. तिथं तोंडाला फडकं बांधलं की भागायचं. या माणसासमोर फडकं कुठं बांधायचं, तेच त्याला कळेना. त्याहून किळस आली ती स्वतःच्या शहाणपणाची. पोरीला वाचवतोय म्हणून त्यानं स्वतःच्या हातांनी हे भांडं बापाला भरायला करून दिलं होतं.

त्यानं पकडीनं दोन्ही प्लेटांचे स्क्रू काढले आणि पोरीसमोर त्या उपड्या केल्या. जमिनीवर वाळूचा ढीग झाला.

"बघ, हे होतं आत. प्लेटा जड होत गेल्या. तुझी ताकद कमी झाली नाही, आणि तू अंगचोरही नाहीस."

पोरीनं वाळूत बोट खुपसून पाहिलं. बापाकडे वळून ती म्हणाली, "बाबा, मग मला रोज का ओरडत होतात?" आणि तिला हुंदका फुटला.

बाप जवळ येईल, निदान मान तरी खाली घालील, असं मिस्त्रीला वाटलं. बापानं खिशातून फोन काढला.

"चॅम्प, भारी! हेच पुन्हा बोल, इकडे बघून. वाळूत बोट घाल आधी."

"फोन ठेवा खाली," मिस्त्री ओरडला, "आणि निघा इथून!"

"एकच मिनिट, मिस्त्री."

पोरीनं डोळे पुसले, सवयीनं केस मागे सारले आणि वाळूत बोट घातलं. मिस्त्री फोन हिसकवायला पुढे झाला, तोवर तिचं बोलून होत आलं होतं. हुंदका तिनं बरोबर मघाच्याच जागी दिला.