मेंदीचा हात आणि मशीनची दांडी

गेल्या वर्षी भाचीने मला मुंबईत एका मोठ्या मेळाव्याला नेलं. एका हॉलमध्ये जपानी कार्टूनचे वेडे, शेजारच्या हॉलमध्ये व्हिडिओ गेमचे. कार्टूनवाले रंगीत केसांचे टोप घालून, पुठ्ठ्याच्या तलवारी कमरेला लावून एकमेकांचे फोटो काढत होते. गेमवाले खुर्च्यांवर वाकून बसले होते आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांना श्वास घ्यायचीही फुरसत नव्हती. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला, मेळाव्याचं काम बघणारा एक मुलगा माझ्याजवळ आला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "काकू, कोणाबरोबर आलात? बसायला खुर्ची देऊ?" मग त्याने मला या दोन जमातींतला फरक समजावून सांगितला. मी ऐकून घेतलं. पण मनात म्हटलं, बाळा, तुझा जन्म व्हायच्या आधी मी या दोन्ही जमातींत राहून आलेय, आणि एकीतून तर मला हाकलूनही दिलं होतं.

तर तो फरक मी माझ्या पद्धतीने सांगते.

माझे वडील दीपनगरच्या वीज केंद्रात होते आणि आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. नव्वदीचं दशक निम्मं सरलेलं. भुसावळपासून जळगावपर्यंत सगळीकडे वीज जायची, आमच्याकडे मात्र पंखा कधी थांबायचा नाही. त्यामुळे रविवारी सकाळी कार्टून बघायला आमच्या पुढच्या खोलीत वीस-पंचवीस पोरं जमायची. ते कार्टून जपानी आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यातली माणसं हिंदीत बोलायची आणि त्यांचे डोळे बशीएवढे होते, इतकंच आम्हाला ठाऊक.

या कार्टूनवाल्यांचा मोठेपणा वाटण्यात होता. सोमवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या नळापाशी उभी राहून कालचा अख्खा भाग करून दाखवायचे, आवाजांसकट, घोड्याच्या टापांसकट. ज्यांच्या गावात लाईट गेली होती ती पोरं माझ्याभोवती बसायची. कोणी जुन्या कॅलेंडरच्या मागे चित्रं काढायचं आणि ती दुसऱ्याला देऊन टाकायचं. जो जास्त सांगेल, जास्त देईल, त्याला मान. मला तो मान भरपूर मिळाला आणि मी तो मिरवलाही.

पण एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. आमच्या खोलीत कॉलनीतली पोरं पंख्याखाली बसायची आणि शेजारच्या गावातून आलेली, मजुरांची पोरं दारापाशी, चपलांजवळ. आईने तशी सवय लावली होती. कोणी पुढे सरकलं की मीच "ए, मागे" म्हणायचे. टीव्ही आमचा होता ना. त्याची लाज मला पुढे एका उन्हाळ्यात वाटली.

त्या उन्हाळ्यात, मी चौदा वर्षांची असताना, परीक्षा संपल्यावर आम्ही आईच्या माहेरी गेलो. शिरपूरपासून सायकलवर अर्ध्या तासावरचं गाव. मामाचा मुलगा माझ्याहून एका वर्षाने मोठा. तो रोज दुपारी सायकल काढून गायब व्हायचा आणि संध्याकाळी बोटं चोळत परत यायचा. मी पिच्छाच पुरवला तेव्हा एक दिवस मला डबलसीट घेऊन गेला.

शिरपूरमध्ये एका सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे व्हिडिओ गेमचं दुकान होतं. उजेड येऊ नये म्हणून दाराला गोणपाटाचा पडदा. आत तीन लाकडी पेट्या, प्रत्येकीत एक टीव्ही, खाली एक दांडी आणि सहा बटणं अशा दोन जोड्या. दोघांनी उभं राहायचं आणि पडद्यावरचे दोन पैलवान एकमेकांना बडवायचे. इथली रीत वेगळी होती. कोणी काही सांगत नव्हतं, कोणी काही देत नव्हतं. आपलं कॉइन काचेच्या कडेला ठेवायचं, म्हणजे नंबर लागला. जो जिंकेल तो मशीनवर राहणार, हरेल तो बाजूला होणार, आणि चालू डावात कोणी मशीनला हात लावायचा नाही. मालक असला तरी नाही. मला हे भयंकर आवडलं. इथे गोड बोलून काही मिळत नव्हतं, आणि कोणाच्या घरचा टीव्ही हा प्रश्नच नव्हता.

मी माझं कॉइन काचेवर ठेवलं. मालकाने ते उचललं आणि माझ्या हातात परत दिलं. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. चाळिशीचा, सभ्य माणूस. ओरडला वगैरे नाही.

"कोनासंगे उनी बेटा तू?" त्याने विचारलं. मी मामेभावाकडे बोट दाखवलं. "मंग त्यानाजोडे उभी राहीसन देख. आठे पोरी नही खेयतस."

म्हणजे पोरींनी खेळायचं नाही, उभं राहून बघायचं. मी मामेभावाकडे पाहिलं. तो मशीनकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी उभं राहायलाही मनाई झाली, कारण माझ्यामुळे पोरांना मोकळेपणी शिव्या देता येत नव्हत्या म्हणे. मग मी गोणपाटाच्या फटीतून बघायचे, बाहेर उन्हात उभी राहून. माझ्या डोळ्यांसमोर आमची पुढची खोली यायची, दारापाशी बसलेली ती पोरं यायची. मला दुकानातल्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग स्वतःचाच आला. तरी मी बघणं सोडलं नाही. घरी आल्यावर धुण्याच्या दगडावर सहा खडूचे ठिपके काढून बोटांची सवय करायचे, आणि डाव्या हातात दांडी म्हणून मामीची रवी. मामी म्हणायची, "व माय, हाई पोरनं डोकं फिरनं का काय?"

मला एवढंच हवं होतं, की एकदा त्या मशीनवर उभं राहावं आणि हरेपर्यंत कोणी मला हटवू नये.

मग आखाजी आली. अक्षय तृतीयेला खानदेशात आम्ही आखाजी म्हणतो, आणि तो लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस रेटून खाल्ला जातो. पुरुष झाडाखाली पत्ते कुटत बसतात आणि बायकांकडे बघतसुद्धा नाहीत. आमच्या गावात एक प्रथा होती. संध्याकाळी पोरी वाजतगाजत शिवेपर्यंत जायच्या. पुढे एका पोरीला पुरुषाचा वेश देऊन काढायचं. पॅन्ट, शर्ट, टोपी, काळा चष्मा, हातात केरसुणी. या सोंगाला म्हणायचं मोगल. पलीकडच्या गावच्या पोरीही त्यांचा मोगल घेऊन यायच्या आणि मग दोन्हीकडून गाण्यांतून एकमेकींचा असा उद्धार व्हायचा की ऐकणाऱ्याने कान झाकावेत. त्या दिवशी कोणी त्याला वाईट म्हणायचं नाही. मुंबईतल्या त्या मुलाने टोप घातलेल्या पोरांकडे बोट करून मला नवीन काही सांगितल्यासारखं केलं तेव्हा मला हसू आलं ते यामुळे.

त्या वर्षी मोगल मी झाले. कॉलनीत शिकलेली, उंच, केस खांद्यापर्यंतच, टोपीत सहज मावणारे. मामाची पॅन्ट दोरीने बांधली, मामेभावाचा शर्ट घातला. दुपारीच सगळी तयारी करून बसवलं मला. मिरवणूक निघायला अजून तीन तास होते. आरशात पाहिलं आणि माझ्या डोक्यात ते आलं.

"सायकल काढ," मी मामेभावाला म्हटलं.

तो लगेच समजला. "भाऊ मारी टाकी माले," तो म्हणाला. पण सायकल काढली. रोज मला गोणपाटाबाहेर उभी बघून त्यालाही कुठेतरी टोचत असावं.

दुकान भरलेलं होतं. सणाची सुट्टी, सगळ्यांच्या खिशात कॉइन. आत अंधार म्हणून मी चष्मा काढला, टोपी मात्र कपाळावर ओढली. "हाऊ कोना पोऱ्या शे?" भाऊने विचारलं. मामेभाऊ म्हणाला, "दीपनगरना पाव्हना शे." खोटं काहीच नव्हतं त्यात. माझं कॉइन काचेवर लागलं आणि माझा नंबर आला.

पहिला मुलगा हरला. दुसरा हरला. तिसऱ्याने मला घाम फोडला, पण तोही हरला. मागची गर्दी वाढत गेली. कोणी नाव विचारलं नाही, कोणी गोड बोललं नाही, आणि माझ्या पाठीला लागून उभ्या असलेल्या त्या पोरांत मी इतकी खूश होते की आयुष्यात क्वचितच असेन. मग समोर आला तो कॉलेजात जाणारा उंच मुलगा. त्या दुकानात त्याला हरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. आमचा पहिला राऊंड तो जिंकला, दुसरा मी. तिसरा सुरू झाला आणि तो मध्येच थबकला. तो पडद्याकडे बघत नव्हता, माझ्या हातांकडे बघत होता.

आदल्या रात्री मामीने माझ्या दोन्ही हातांना मेंदी काढली होती. आखाजीला गावातली एकही पोर मेंदीवाचून राहत नाही. मोगलाला पॅन्ट दिली, टोपी दिली, चष्मा दिला, आणि हातांकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नाही. दांडीवर लालभडक पंजा, बटणांवर लालभडक बोटं.

"पोर शे!" मागून कोणीतरी ओरडलं.

भाऊ उठला. "चाल, व्हय बाहेर."

"आजून हारनी नही मी," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, पण दांडी सोडली नाही. "चालू डावले हात नही लावता येत. तुमनाच नियम शे."

मग तो उंच मुलगा, नजर परत पडद्यावर वळवून, म्हणाला, "खरं शे, भाऊ. हारू द्या तिले."

भाऊने मशीनला हात लावलाच नाही. तो भिंतीपाशी गेला आणि बटण दाबून तिन्ही मशीनची लाईट बंद केली. "लाईट गयी," तो म्हणाला. मी वीज केंद्रातल्या माणसाची मुलगी. वर पंखा फिरत होता.

परतताना मी सायकलच्या मागे बसून रडले. दुःखाने नाही, संतापाने. गावात पोचले तर पोरी मोगलाची वाट बघत ताटकळलेल्या. कुठे गेली होतीस म्हणून माझ्यावर तुटून पडल्या. तेव्हा मी मला येत होतं तेच केलं. पारावर उभी राहून सगळं करून दाखवलं, शाळेच्या नळापाशी करायचे तसं. भाऊचा आवाज, पैलवानांचे गुद्दे, "लाईट गयी", आणि वर फिरणारा पंखा. बायका आधी हसल्या, मग चिडल्या. मामी सगळ्यात जास्त चिडली. शिवेवर पोचेपर्यंत तिने गाणं बांधलंसुद्धा:

"शिरपूरना भाऊ, गोनपाट बांधी बठना,
पोरना हात देखी, बटन दाबी पयना!"

पलीकडच्या गावच्या पोरी आम्हाला शिव्या घालायला आल्या होत्या, पण बटण दाबून पळालेला भाऊ ऐकला आणि त्यांनीही तेच धरलं. त्यांच्यातल्या निम्म्या शिरपूरच्या सुना. दोन दिवसांनी सासरी गेल्या त्या गाणं घेऊनच. कार्टूनवाल्यांची सवय ही, सांगायचं आणि वाटायचं. लाईट बंद करून ती थांबत नाही.

आठवड्याने मामेभाऊ दुकानातून हसत आला. तिथली पोरं मशीन खेळता खेळता तेच गाणं गुणगुणत होती. भाऊने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुनी बहीनले सांग, ये म्हना खेयाले. पन ते गानं बंद करा रे बाबा."

गाणं बंद करणं माझ्या हातात नव्हतं. पण मी गेले. टोपी नाही, पॅन्ट नाही, आपला नेहमीचा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, हातांवर विटलेली मेंदी. मामेभावाला मुद्दाम बरोबर नेलं नाही. गोणपाट बाजूला सारून आत गेले आणि कॉइन काचेवर ठेवलं. भाऊने पाहिलं आणि मान खाली घातली.

समोर तोच उंच मुलगा होता. त्याने मला पहिल्या राऊंडला धुतलं, दुसऱ्या राऊंडला त्याहून वाईट धुतलं. दोन मिनिटं टिकले असेन. पडद्यावर माझा पैलवान आडवा पडला आणि मी दांडी धरून तशीच उभी राहिले, कारण आता कोणी काहीतरी समजुतीचं बोलेल असं मला वाटत होतं.

त्या मुलाच्या मागे उभा असलेला दुसरा कोणी काचेवरचं आपलं कॉइन उचलून वैतागून म्हणाला, "चाल ना, बाजूले व्हय. आते मना नंबर शे."

मी बाजूला झाले, आणि खिशातलं दुसरं कॉइन काचेवर ठेवलं.