रार मिळणार नाही

मल्हारगंजच्या प्रेसवाल्याला मी आमच्या गणेश मंडळाच्या स्मरणिकेची पानं सेवन-झेड या कॉम्प्रेस्ड फाइलमध्ये एकत्र बांधून पाठवली. लगेच त्याचा फोन आला, "भिया, रार में भेजो, ये नहीं खुलेगी."

रार म्हणजे तशीच दुसऱ्या प्रकारची फाइल; मी वापरतो ते मुक्त सॉफ्टवेअर ती उघडतं, पण बनवत नाही. तो हक्क रारच्या मालकाने स्वतःकडे ठेवलाय, आणि त्याच्यापुढे हात पसरायची माझी तयारी नव्हती.

तडक प्रेसमध्ये गेलो. त्याच्याच कॉम्प्युटरवर, त्याच्याच रारवाल्या सॉफ्टवेअरने माझी फाइल मुकाट्याने उघडली.

"खुल तो गई, पर सब लोग रार ही भेजते हैं," तो म्हणाला.

कुठेही उघडणारी झिप फाइल पाठवली तर कटकट मिटेल. पण मी मुद्दाम सेवन-झेडच पाठवतो. दर गणपतीत त्याचा फोन येतो, आणि मी एवढंच विचारतो, "खोल के देखी?"