आभार कुठे ठेवायचे

पंचवटीत देवाचा विचार माझ्या बायकोच्या मामांइतका कुणी केला नसेल, आणि तो करकरून देव नाही या निष्कर्षाला त्यांच्याइतक्या ठामपणे कुणी पोचलं नसेल. त्यांच्या घराच्या डावीकडे भिक्षुक, उजवीकडे भिक्षुक, समोर दत्ताचं देऊळ. मधल्या दोन खोल्यांत हे शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे मास्तर, त्या सगळ्यांपेक्षा जास्त पोथ्या वाचून बसलेले. सकाळी शेजारच्या गुरुजींचा स्तोत्र म्हणताना एखादा विसर्ग सुटला, की मामा भिंतीच्या अलीकडून तो दुरुस्त करायचे. देव मानत नाही तर तुम्हाला काय करायचंय, असं गुरुजींनी एकदा चिडून विचारलं. मामा म्हणाले, "देव नसेल, व्याकरण आहे."

मामींच्या पूजेची फुलं मात्र रोज तेच आणत. बाजारात एकेक झेंडू उलटून बघत. "शिळं फूल मूर्तीला चालेल, ती काही बोलणार नाही, पण माझ्या बायकोला कुणी फसवलेलं मला चालणार नाही," असा त्यांचा हिशेब. मामी देवळात गेल्या की हे बाहेर चपला सांभाळत उभे, आणि शेजारी जो असेल त्याला ईश्वराचं नास्तित्व समजावून सांगत. देवळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं त्यांचं सगळं म्हणणं मन लावून ऐकलं आणि शेवटी हळूच सांगितलं, "तुमचं खरं हे मास्तर, पण आमची बाहेर आली की बोलू नका."

त्र्याऐंशी साली मामींच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला मुंबईला पाठवला. अहवाल यायला दहा दिवस लागणार होते. त्या दहा दिवसांत मामा कुणाशीच वाद घालेनात. गल्ली घाबरली. गुरुजींनी तर मुद्दाम मोठ्यानं चुकीचा उच्चार करून पाहिला, दोनदा. भिंतीपलीकडून काहीच आलं नाही. तेव्हा ते स्वतः उठून आले, मामांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि बराच वेळ एक शब्दही न बोलता बसून राहिले.

अहवाल टपालानं डॉक्टरांकडे आला, त्यांनी उघडून मामांच्या हातात दिला. गाठ साधी होती. मामा तो कागद उभ्यानंच वाचून खाली बसले आणि माझ्या बायकोकडे पाणी मागितलं. प्यायले, पुन्हा मागितलं.

मग कळलं, की मामींनी सप्तशृंगीला नवस बोलला होता: बरी निघाले तर गड चढून खण-नारळ वाहीन. मामींचे गुडघे घरातला उंबरठासुद्धा कुरकुरत ओलांडणारे. मामा आता हसणार, या धास्तीनं त्यांनी हे फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं. ते मामांच्या कानावर गेलं. ते हसले नाहीत. पिशवी काढली, आणि मला म्हणाले, "जावईबुवा, उद्या रजा घ्या."

गडाच्या पायथ्याशी, नांदुरीला एसटीतून उतरून आम्ही चढायला लागलो. अर्ध्यावर मला राहवेना. मी विचारलं, मामा, तुम्ही कसे काय निघालात? ते दम घेत म्हणाले, "शब्द ज्याला दिला तो आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. देणारी आहे ना?" थोडं चढून गेल्यावर, माझ्याकडे न बघता, पुन्हा म्हणाले, "आहे अजून."

वर गेल्यावर त्यांनी पुजाऱ्याला मामींचं संपूर्ण नाव सांगितलं, त्यांच्या नावानं आलोय म्हणाले, खण-नारळ दिला. हात जोडले नाहीत. देवीकडे मात्र पुष्कळ वेळ बघत राहिले. उतरताना एका पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुमचं बरं आहे. आनंद झाला की आभार ठेवायला तुम्हाला जागा आहे. मी डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले मी फक्त अहवाल उघडला. आता एवढे आभार मी कुठे ठेवू?" डोळे पुसले, ते त्यांनी लपवलं नाही.

त्यावर त्यांनी शोधून काढलेला उपाय पंचवटीला आठवडाभर पुरला. त्यांनी परिचारिकेचे आभार मानले, अहवाल आणणाऱ्या पोस्टमनचे मानले, फुलवालीचे मानले. गुरुजींचे, न बोलता बसल्याबद्दल, इतके मानले की गुरुजींना रडू आलं. मामीही त्यातून सुटल्या नाहीत. भाजी निवडत असताना हे समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, आभारी आहे. मामींनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आणि मग एका संध्याकाळी ते पंचवटीहून चालत इंदिरानगरला आमच्या घरी आले. चहा झाला आणि माझ्याकडे वळून आभारी आहे म्हणाले. मी ओशाळलो. म्हटलं, मामा, मी तर काहीच केलं नाही.

"तेच," ते म्हणाले. "करणाऱ्यांचे मानून झाले. तरी बरेच उरलेत."

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. मी देव मानतो, निदान मानतो असं म्हणतो. पण त्या संध्याकाळी गॅलरीतून पाहिलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. कोपऱ्यावर एका रिक्षावाल्यानं घरी परत निघालेल्या या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडू द्यायला रिक्षा थांबवली, आणि गडावर जे जोडले नव्हते ते दोन्ही हात मामांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्याला जोडले.